देव असला तर? एका जुन्या पैजेची हकीकत



तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावणाऱ्या आजीला कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने विचारावे, ‘देव आहे हे तुला कशावरून ठाऊक?’ आणि आजीने वात सारखी करीत उत्तर द्यावे, ‘अरे, असला तर बरेच झाले, नसला तर माझे पळीभर तेल गेले!’ बडोद्याच्या रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी माणसाने असा संवाद आपल्या किंवा शेजारच्या घरात कधी ना कधी ऐकलेला असतो. नातू हसतो आणि विषय तेथेच संपतो. पण आजीचे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. देव आहे असे तिने सिद्ध केलेले नाही. तसा तिचा दावाही नाही. तिने हिशेब केला आहे. निकाल ठाऊक नाही, लावावयाची रक्कम थोडी आहे आणि लाभ झालाच तर मोठा आहे, तेव्हा डाव खेळणे शहाणपणाचे, एवढेच ती म्हणते. या हिशेबाचा इतिहास फार जुना आहे, आणि त्यातील काही महत्त्वाची पाने आपल्या या बडोदे शहरात छापली गेली आहेत.

युरोपात हा हिशेब पास्कालच्या नावाने ओळखला जातो. ब्लेझ पास्काल हा फ्रेंच गणिती १६२३ साली जन्मला आणि अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १६६२ साली, वारला. १६५४ मध्ये शव्हालिए द मेरे नावाच्या, जुगाराची आवड असलेल्या एका सरदाराच्या प्रश्नावरून पास्काल आणि फर्मा यांच्यामध्ये पत्रव्यवहार झाला. प्रश्न असा होता की, दोन खेळाडूंचा डाव अर्ध्यावर मोडला, तर लावलेला पैसा त्यांनी कोणत्या प्रमाणात वाटून घ्यावा? अजून न पडलेल्या दानाचा हिशेब कसा करावा, हे या पत्रांतून प्रथम नीट मांडले गेले आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका रात्री पास्कालला उत्कट धार्मिक अनुभव आला. त्याचे टिपण त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर सापडले. जुगाराचे गणित आणि ईश्वराची ओढ अशा रीतीने एकाच माणसात, एकाच वर्षी एकत्र आली.

त्याच्या पश्चात १६७० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विचारसंग्रहात ही पैज आहे. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरविता येत नाही. पण जगावयाचे तर आहे, म्हणजे कोणत्या तरी बाजूने डाव लावलाच पाहिजे, तटस्थ राहणे हीदेखील एक बाजूच झाली. देव आहे असे धरून चाललात आणि तो निघाला, तर अनंत सुख. न निघाला, तर गेले ते मोजके. लाभ अनंत असेल तर तो मिळण्याचा संभव कितीही थोडा असो, शून्य नसला म्हणजे पुरे. ‘पण माझा विश्वासच बसत नाही, त्याला मी काय करू?’ असे कोणी म्हटले, तर पास्कालचे उत्तर तयार आहे: विश्वास असल्यासारखे वागू लागा, तीर्थ घ्या, प्रार्थनेला जा, सवयीने विश्वास येईल. आमची आजी एवढे गणित जाणत नसेल, पण शेवटचा सल्ला तिला ऐकताक्षणी पटला असता.

आता पास्कालच्या मागे सुमारे दोन हजार वर्षे जावयाचे आहे. पाली त्रिपिटकातील मज्झिमनिकायात ‘अपण्णक’ नावाचे एक सुत्त आहे. कोसल देशातील साला नावाच्या ब्राह्मणांच्या गावी बुद्ध गेले असता तेथील गृहस्थांना त्यांनी केलेला हा उपदेश आहे. कोणा एका गुरूवर या गृहस्थांची श्रद्धा बसलेली नव्हती. दान, कर्मफळ, परलोक यांपैकी काहीच नाही असे कित्येक श्रमण सांगत, आहे असे दुसरे सांगत. मग करावे काय? बुद्धांनी येथे तात्पुरते परलोकाचा पुरावा बाजूस ठेवून असे विचारावयास लावले: परलोक नाही असे मानून दुराचरणाने वागणारा माणूस घ्या. परलोक नसलाच, तरी या लोकी सुज्ञ लोक त्याची निंदा करतात. आणि असला, तर मेल्यावरही दुर्गती, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. उलट सदाचाराने वागणाऱ्याला इथे मान आहे आणि परलोक असल्यास तेथेही सुगती.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे सुत्तातील शब्द सरळ जुगाराच्या फडावरून उचललेले आहेत. पहिल्याच्या वाट्याला दोन्हीकडे ‘कलि’ येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला दोन्हीकडे ‘कट’, म्हणजे संस्कृतातील ‘कृत’. प्राचीन द्यूतात बेहड्याची फळे मोजीत. चारांनी नि:शेष भाग गेला तर ते कृत, सर्वांत उत्तम दान, आणि एक उरला तर तो कलि, सर्वांत वाईट. आपण ज्यांना युगांची नावे म्हणून ओळखतो ती मुळात फाशांच्या दानांची नावे आहेत. ‘अपण्णक’ म्हणजे दान कसेही पडो, जो मार्ग फसत नाही तो. पास्कालच्या आणि या पैजेत एक मोठा भेद आहे. बुद्धांच्या पैजेत देव नाही, आणि अनंत सुखाचे आमिषही नाही. दुसरे असे की, परलोक निघाला नाही तरी सदाचरणाने वागणाऱ्याची येथली जमा बाजू शाबूत राहते. माझ्या मते ही पैज पास्कालच्या पैजेहून अधिक सावध आहे.

आमच्या शास्त्रकारांत या पैजेला विरोध करणारेही होते आणि त्यांची भाषाही रोखठोक होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात, सुखापूर्वी धर्माचा विचार करणाऱ्या भागात, लोकायतिकांचे म्हणणे दिले आहे. धर्माचे फळ पुढे मिळावयाचे, आणि तेही मिळेलच असे नाही. मग हाती असलेले दुसऱ्याच्या हाती देणारा मूर्खाखेरीज कोण? उद्याच्या मोरापेक्षा आजचे कबूतर बरे. संशयाच्या सोन्याच्या निष्कापेक्षा खात्रीचा कार्षापण बरा. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हेच आपण मराठीत म्हणतो. वात्स्यायन त्याला जी उत्तरे देतो त्यांपैकी बरीचशी शास्त्रप्रामाण्याची आहेत आणि ती ज्याला पटावयाची त्यालाच पटतील. पण अखेरीस तो एक साधा दाखला देतो: शेतकरी हातातले बी पुढच्या पिकाच्या आशेने मातीत टाकतोच ना? पाऊस पडेल याची हमी त्याला कोणी दिलेली नसते.

या दाखल्यामागे एक सूक्ष्म तत्त्व आहे. बौद्ध नैयायिक धर्मोत्तर याने ते न्यायबिंदूच्या टीकेत मांडले आहे: विचारी माणसाला कृती करावयास निश्चयच हवा असतो असे नाही, लाभाचा संशय त्याला प्रवृत्त करावयास पुरतो आणि हानीचा संशय परावृत्त करावयास पुरतो. व्यापारी, शेतकरी, औषध घेणारा रोगी, सारे संशयावरच चालतात.

येथे आपण बडोद्याला येतो. १९१६ साली येथे ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’ सुरू झाली आणि तिचे पहिले संपादक चिमणलाल दलाल यांनी पाटणच्या जैन भांडारांतील हस्तलिखिते पाहून त्यांची नोंद केली. पाटण त्या वेळी बडोदे संस्थानातच होते. या जैन भांडारांनी जपून ठेवलेल्या ग्रंथांत शांतरक्षित या आठव्या शतकातील बौद्ध आचार्याचा ‘तत्त्वसंग्रह’ आणि त्याचा शिष्य कमलशील याची पंजिका ही होती. पंडित एम्बार कृष्णमाचार्य यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२६ साली बडोद्यात दोन खंडांत निघाला. त्याचे दुसरेच प्रकरण ‘ईश्वरपरीक्षा’ हे आहे. घट जसा कुंभाराशिवाय होत नाही तसे हे रचनायुक्त जग कर्त्याशिवाय होणार नाही, हा नैयायिकांचा युक्तिवाद तेथे कसाला लावला आहे. देवळाला शिल्पी असतो हे आपण पाहिलेले असते, म्हणून नवे देऊळ पाहताच शिल्पीचे अनुमान करता येते. पर्वताच्या बाबतीत तसे कोणी काय पाहिले आहे? धर्मकीर्तीपासून चालत आलेला दाखला असा की, घट मातीचा आणि वारूळही मातीचे, म्हणून वारूळ कुंभाराने केले असे म्हणणे जितके योग्य तितकेच हे अनुमान योग्य.

या ग्रंथात ईश्वराप्रमाणेच जैनांच्या स्याद्वादाचेही खंडन आहे. आणि तो राखला कोणी? जैनांनी. छापला कोणाच्या पैशाने? शिवपूजक घराण्यातील एका हिंदू राजाच्या. आपल्या विरुद्ध पक्षाचे पुस्तक शेकडो वर्षे वाळवीपासून जपणाऱ्या त्या भांडारपालांचा मला फार आदर वाटतो. त्यांच्या ग्रंथप्रेमावाचून शांतरक्षिताचे मूळ संस्कृत शब्द आज आपणांस कदाचित मिळाले नसते.

याच मालेत १९४० साली जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी संपादून प्रसिद्ध केला. सुखलालजी सोळाव्या वर्षापासून दृष्टिहीन होते. पाटणच्या एका ताडपत्रावरून छापलेला हा ग्रंथ म्हणजे चार्वाकांच्या वळणाच्या, टोकाच्या संशयवादाचा आपल्याकडे उरलेला एकुलता एक सलग ग्रंथ होय. जयराशी देवाला उडवून थांबत नाही. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द या साऱ्या प्रमाणांनाच तो उपटून टाकतो आणि मग म्हणतो की, तत्त्वे कोलमडली तरी लोकव्यवहार, खोलात न शिरता, रम्यपणे चालूच राहतात. पैज लावणाऱ्याला याहून अडचणीचा प्रतिपक्षी नाही. प्रमाणच उरले नाही तर संभव किती, हे कोणी आणि कशाने मोजावे?

हा प्रश्न उदयनाचार्यांनाही भिडला होता. ईश्वरसिद्धीसाठी लिहिलेल्या ‘न्यायकुसुमांजली’त त्यांनी चार्वाकाचे एक मार्मिक म्हणणे नोंदविले आहे. अनुमान नाकारले तर धूर पाहून अग्नीकडे जाणार कसे, या प्रश्नावर चार्वाक सांगतो की, व्यवहाराला निश्चित ज्ञान लागत नाही, ‘संभावना’ पुरते. आज आपण गणितात ‘संभाव्यता’ हा शब्द वापरतो, त्याच घराण्यातला शब्द हजार वर्षांपूर्वी या वादात वापरला गेला होता. उदयनांचे उत्तर असे की, संभावना म्हणजे संशयच, आणि संशयालाही मर्यादा आहे: ज्या शंकेने माणसाची स्वतःचीच कृती खोटी पडते ती शंका त्याला घेता येत नाही. जेवणाने भूक भागेल की नाही असा संशय बाळगणारादेखील पानावर बसतोच.

युरोपात मात्र काही जण या संभवाला आकडे लावावयास निघाले. १६९९ साली जॉन क्रेग या स्कॉटिश गणितीने साक्ष जसजशी जुनी होते तसतशी तिची विश्वसनीयता किती घटते याचे सूत्र बसविले आणि ख्रिस्तचरित्राचा पुरावा इ. स. ३१५० मध्ये पार निःसत्त्व होईल असे ठरविले. अलीकडे, २००३ साली, स्टीफन अन्विन या पदार्थवैज्ञानिकाने बेझच्या नियमाने, निम्म्यापासून आरंभ करून, देव असण्याचा संभव ६७ टक्के काढला. तोच नियम घेऊन मायकेल शर्मर या संशयवाद्याने आपले आकडे घातले, तेव्हा उत्तर आले २ टक्के. नियम चुकला नव्हता. प्रत्येकाने आत जे घातले ते बाहेर आले. जात्यात ज्वारी घातली तर गव्हाचे पीठ पडत नाही.

आकडे लावता येतील अशाही काही गोष्टी धर्माच्या आसपास आहेत, त्या ठिकाणी पैज खरीच लावता येते. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या देऊन मूल कोणते ते ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. यश सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून ठरविले असते तर मिळाले असते त्याहून काही अधिक नाही. यांपैकी दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापिली होती, आणि चमत्कार सिद्ध करून दाखविणाऱ्यास रोख बक्षिसाचे आव्हान समितीने जाहीर केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. देवाच्या नावाने होणाऱ्या दाव्यांवर पैज लावणे हा काही दिवाणखान्यातला खेळ नव्हे.

पास्कालच्या पैजेवर सर्वांत जुना आणि सोपा आक्षेप असा की, हा युक्तिवाद कोणत्याही धर्माच्या तोंडी शोभतो. फ्रान्सच्या दिदरोने म्हटले होते की, एखादा इमामही हेच बोलू शकेल. बडोद्यातील माणसाला हा आक्षेप पुस्तकातून शिकावा लागत नाही. शहरातल्या शहरात देऊळ, मशीद, देरासर, अग्यारी आणि चर्च पाहावयास मिळते. डाव एकच आणि दैवते अनेक. मग रक्कम कोणत्या घरावर ठेवावी? सयाजीराव महाराजांनी बडोदे कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची व्यवस्था करून त्यासाठी ए. जी. विजरी यांना बोलाविले होते. विजरी यांचा त्या विषयावरील ग्रंथ १९२२ साली निघाला. महाराजांनी पैज कोणावर लावली हे मी सांगू शकणार नाही. परीक्षा घेणाऱ्यांना त्यांनी पगार दिला, एवढे दप्तरावरून दिसते.

आपल्याकडचा नवस हीदेखील पैजच, पण पास्कालच्या पैजेच्या नेमकी उलट. पास्कालचा खेळाडू आधी देतो आणि फळ मेल्यानंतर पाहतो. नवस बोलणारा मनुष्य आधी मूल, पाऊस किंवा खटल्याचा निकाल पदरात पाडून घेतो आणि मगच नारळ फोडतो. काम झाले नाही तर एक पैदेखील जात नाही. हिशेबाच्या दृष्टीने याहून सुरक्षित डाव नाही, आणि म्हणूनच भक्तीच्या दृष्टीने तुकोबांसारख्या संताला तो हास्यास्पद वाटला असावा.

पण खऱ्या पैजेत काहीतरी जाते. ‘देव न निघाल्यास तुमचे काही जात नाही’ हे पास्कालचे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. पळीभर तेलापुरते ते खरे असेल. धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण घ्या. गोव्यातील सांखवाळ गावचा हा तरुण १८९९ साली, बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवावयाचे एवढ्याच ध्यासाने, घरातून निघाला. ते ज्ञान कोठे मिळेल, मिळेल की नाही, याची त्याला कल्पना नव्हती. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी राहिली. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्याचा प्रवास झाला. डावावर लागलेली रक्कम केवळ त्याची नव्हती, तिच्यातला मोठा वाटा बाळाबाईंनी न विचारता भरला होता. त्यांच्या बाजूचा हिशेब कोणी मांडलेला मला आढळलेला नाही.

पुढे कोसंबी कलकत्त्यास पाली शिकवू लागले. सयाजीराव महाराजांची भेट झाली तेव्हा बडोद्याकडून त्यांना दरमहा पन्नास रुपये देण्याचे ठरले: महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्यात त्यांना याच्या कितीतरी पट वेतन मिळू शकत होते. लोकायतिकाने त्यांना काय सल्ला दिला असता हे उघड आहे. मराठी माणसांत बुद्धाचा विचार रुजेल याची शाश्वती नसताना कोसंबींनी पन्नास रुपये पत्करले. १९१० साली बडोद्यात त्यांची व्याख्याने झाली आणि ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. ते त्यानंतर अनेक पिढ्यांनी वाचले.

या कोसंबींचा मुलगा दामोदर १९०७ साली जन्मला. तो गणिती झाला, संख्याशास्त्रात आणि संभाव्यतेच्या गणितात त्याने जगन्मान्य काम केले, आणि धर्माच्या बाबतीत तो भौतिकवादी राहिला. वडिलांनी ज्यासाठी घर सोडले त्या प्राचीन भारताकडे मुलगाही वळला, पण तराजू घेऊन. वापरात असताना नाणे हळूहळू झिजते, तेव्हा वजनावरून ते किती वर्षे हातोहाती फिरले याचा अंदाज करता येईल, अशी त्याची कल्पना. म्हणून तक्षशिलेच्या साठ्यांतील हजारो आहत नाणी त्याने एकेक करून तोलली. ती नाणी बहुतांशी कार्षापण होती.